धंद्यात एआय आणायचा आहे? आधी वही काढा, मग खिसा
गोरेगाव तालुक्यातील दुकानदार, राईस मिलवाले आणि बचत गटांसाठी सविस्तर माहिती

गोरेगाव (तालुका प्रतिनिधी) : व्हॉट्सॲप उघडले की निळा गोल दिसतो, त्यात मेटा एआय बसलेला असतो. २०२५ च्या जुलैत एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी वर्षभर फुकट दिले. ऑक्टोबर अखेरीस जिओने ठरावीक प्लॅनवर गुगलचे जेमिनी १८ महिन्यांसाठी दिले. नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीवाल्यांनीही त्यांचा ‘गो’ प्लॅन वर्षभर फुकट केला. तोच प्लॅन ऑगस्टमध्ये महिन्याला ₹३९९ ला विकायला काढला होता. म्हणजे एआय आता पुण्या-मुंबईचा विषय राहिला नाही, आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे.

मागोमाग विकणारेही येऊ लागले. कोणी कृषी केंद्रात ‘एआय बिलिंग’ घेऊन येतो, कोणी मिलवाल्याला ‘एआय सॉर्टर’ दाखवतो, कोणी बचत गटाला ‘एआय मार्केटिंग’ शिकवतो म्हणून फी मागतो. यातले काही खरेच कामाचे आहे. पण काय आपल्या कामाचे आणि काय नाही, हे विकणारा सांगणार नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते. धानाच्या भरवशावर चालणाऱ्या तालुक्यात एक चुकीची मशीन म्हणजे चार-पाच वर्षांचा हप्ता. आणि बँकेच्या हप्त्याला पाऊस पडला की नाही, याच्याशी काही घेणेदेणे नसते.

म्हणून ही माहिती. एकदा वाचा, जमल्यास जपून ठेवा.

थोडक्यात

- आधी काम ठरवा, नंतर वस्तू. ‘एआय घ्यायचा आहे’ हे काम नव्हे.
- सात दिवस वहीत नोंद करा : वेळ कुठे जातो, पैसा कुठे गळतो.
- साध्या उपायाने भागत असेल तर एआय घेऊ नका.
- ३० दिवस लहान प्रयोग करा. जुनी पद्धत बंद करू नका.
- शेवटचा निर्णय माणसाच्या हातात ठेवा.
- ग्राहकांचे आधार, पासबुक, सातबारा कोणत्याही ॲपमध्ये टाकू नका.

एआय म्हणजे नेमके काय

मराठीत याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. मिलमधला जुना माणूस धानाचा दाणा दाताखाली फोडून सांगतो, ‘अजून ओला आहे, दोन दिवस वाळवा जी.’ हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. हजारो कट्टे पाहून त्याला ते आले. एआयचेही तसेच. त्याला लाखो फोटो, लाखो पाने दाखवली जातात आणि त्यावरून तो अंदाज बांधायला शिकतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, तो अंदाज करतो. तो चुकला तरी त्याच ठामपणे बोलतो, अडखळत नाही. दुसरी, त्याने जे पाहिले नाही ते त्याला नीट येत नाही. इंग्रजी मजकूर जगात भरपूर, मराठी कमी, आणि आपल्या झाडीपट्टीची बोली तर त्याहून कमी. ‘परे पिवळे पडले’ असे लिहून पाहा. परे म्हणजे धानाची रोपे हे त्याला कळले का, यावरून तुम्हाला त्याची आपल्या भागातली समज दिसेल.

संगणकावर चालणारी प्रत्येक गोष्ट एआय नसते, हेही सांगायला पाहिजे. बिल काढणे, बेरीज करणे, स्टॉक कमी झाला की घंटी वाजवणे, हे साधे सॉफ्टवेअर कित्येक वर्षांपासून करते. त्यावर ‘एआय’ चिकटवून जास्त पैसे मागितले जात असतील, तर विचारा : यात एआय नेमके काय करते?

आपल्या मिलमधला जुना पाहुणा : सॉर्टेक्स

गोंदिया जिल्हा तांदळाचा. आपल्याकडे एआयची सगळ्यात जवळची गोष्ट राईस मिलमध्ये कित्येक दिवसांपासून उभी आहे, ती म्हणजे सॉर्टेक्स. खरे तर हे एका कंपनीचे नाव, पण आपल्याकडे यंत्राचेच नाव पडले. तांदूळ घसरगुंडीवरून खाली येतो, कॅमेरे प्रत्येक दाणा पाहतात, काळा-पिवळा किंवा डागी दाणा दिसला की हवेचा बारीक फटकारा त्याला बाजूला फेकतो. जुन्या यंत्रात रंग किती गडद असला की फेकायचा, हे ऑपरेटर ठरवत असे. नव्या यंत्रांना चांगल्या-वाईट दाण्यांचे फोटो दाखवून शिकवलेले असते. रंगासोबत दाण्याचा आकार, पोटातला पांढरेपणा, खडा, काच हेही ती ओळखतात. एआय शिरले ते इथे.

या यंत्रापासून कोणत्याही धंदेवाल्याला चार गोष्टी शिकता येतात.

पहिली : त्याला एकच काम दिलेले आहे. तो धान भरडत नाही, हिशेब ठेवत नाही. एक काम असल्याने ते नीट होते की नाही, हे मोजता येते.

दुसरी : घट्ट केले तर चांगला दाणाही बाहेर जातो, ढिले केले तर डागी दाणा आत राहतो. दोन्ही एकाच वेळी शून्य होत नाही. प्रत्येक एआयचे हेच आहे. म्हणून हुशार मिलवाला चांगल्या तांदळाकडे पाहतोच, पण फेकलेल्या मालाची मूठही उचलून पाहतो. हिशेब मांडून बघा. समजा १०० क्विंटल तांदळातून ३ क्विंटल बाहेर फेकला गेला आणि त्यात १ क्विंटल चांगलाच होता. चांगल्या आणि फेकलेल्या मालाच्या भावात क्विंटलमागे ₹१,००० चा फरक असेल, तर दर १०० क्विंटलमागे ₹१,००० हवेत गेले. हंगामभराचे तुम्हीच काढा.

तिसरी : यंत्राला एकट्याने चालता येत नाही. कोरड्या हवेचा कॉम्प्रेसर लागतो, वीज स्थिर लागते, काचेवरचा कोंढा रोज पुसावा लागतो. काच मळकी असेल तर कॅमेरा कितीही महाग असो, तो चुकणारच.

चौथी, आणि सगळ्यात महत्त्वाची : जबाबदारी यंत्राची होत नाही. सरकारी भरडाईत मिलवाल्याला १०० किलो धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ जमा करायचा असतो. गोदामावर नमुना काढला आणि माल नापास झाला तर ‘मशीनने केले’ असे म्हणून चालत नाही. ट्रक मिलवाल्याचाच परत येतो.

बारामतीत झाले ते इथे होईल का

जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी बारामतीच्या ऊस शेतीबद्दल सांगितले आणि एलॉन मस्क यांनीही त्यावर दाद दिली. तेव्हापासून गावोगावी ‘एआयचा ऊस’ हा शब्द पोचला. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या जोडीने हा प्रयोग केला. सुरुवातीला साधारण एक हजार शेतकरी घेतले. उपग्रहाचे फोटो, हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर यांची माहिती एकत्र करून शेतकऱ्याच्या मोबाईलवर सल्ला जातो : कुठे पाणी द्या, कुठे खत द्या, कुठे रोगाची शंका आहे.

बातमीत उसाचे उत्पन्न वाढल्याचे आकडे येतात. त्यामागचे जे बातमीत कमी येते, ते आपल्या कामाचे आहे. तिथे एक जुनी संस्था आहे, शास्त्रज्ञ आहेत, बांधावर जाणारे कर्मचारी आहेत, यंत्रे बसवायला पैसा आहे आणि ऊस घेणारा कारखाना जवळ आहे. ॲप म्हणजे या सगळ्याचे शेवटचे टोक. आपल्याकडे लहान-लहान बांध्या, पावसाचे आणि तलावाचे पाणी, चार-पाच महिन्यांचे धान. नुसते ॲप उचलून आणले तर बारामती होत नाही.

याचा अर्थ आपल्यासाठी काहीच नाही असा नव्हे. राज्य मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ ला ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९’ मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी ₹५०० कोटी ठेवले. त्याच वर्षीच्या खरिपाआधी ‘महाविस्तार’ हे मराठी ॲप आले. हवामान, बाजारभाव, पीक सल्ला त्यात पाहता येतो. पण सरकारची योजना ही सरकारची. तुमच्या दुकानाची, मिलची, गटाची योजना तुम्हालाच करावी लागेल. ती कशी करायची, ते आता पायरीपायरीने पाहू.

पायरी १ : सात दिवसांची वही

एक शंभर पानी वही घ्या. सात दिवस रोज रात्री चार रकाने भरा : काम कोणते, किती वेळ गेला, कोणी केले, काय चुकले किंवा काय नुकसान झाले.

आठव्या दिवशी वही वाचा. बहुतेकांना दोनच कामे डोळ्यात भरतील. आपल्या भागात ती साधारण अशी असू शकतात :

- कृषी केंद्र : स्टॉक रजिस्टर, उधारी, मुदत संपत आलेली औषधे.
- किराणा : उधारीची आठवण, माल कधी मागवायचा, कोणता माल पडून राहतो.
- राईस मिल : धानाची आवक, ओलावा, कनकी किती पडली, मशीन कधी बंद पडली.
- बचत गट : पापड-लोणच्याच्या ऑर्डरी, लेबलवरचा मजकूर, बैठकीचे इतिवृत्त.
- सेवा केंद्र : एकच प्रश्न शंभर जणांना समजावणे, ‘कोणते कागद लागतात?’

यातले एकच काम निवडा. दोन नको. हंगामाच्या ऐन दिवसांत, म्हणजे रोवणीच्या किंवा खरेदी केंद्र चालू असतानाच्या काळात, नवीन काही सुरू करू नका. उन्हाळ्याचे मोकळे दिवस यासाठी बरे.

पायरी २ : एआयशिवाय भागते का?

निवडलेल्या कामापुढे लिहा : सगळ्यात स्वस्त उपाय कोणता? कागदपत्रांची यादी शंभरदा सांगावी लागत असेल तर मोठ्या अक्षरात फलक लावा. दुकान कधी उघडे, हे लोक फोन करून विचारत असतील तर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप उत्तर लावता येते, ते फुकट आहे. औषधांची मुदत पाहायची असेल तर कपाटावर महिन्यानुसार रंगीत पट्ट्या पुरतात.

एआय कुठे खरा कामी येतो? जिथे मजकूर लिहायचा असतो, लांब कागद समजून घ्यायचा असतो, बोललेले लिहून काढायचे असते, फोटो पाहून निवड करायची असते किंवा जुन्या नोंदींवरून पुढचा अंदाज लावायचा असतो. बचत गटाला लेबलचा मजकूर मराठी आणि हिंदीत हवा असेल, तर पाच मिनिटांत कच्चा मसुदा मिळतो. सरकारी जीआरमधले चार पानी वाक्य साधे करून मिळते. असे काम असेल तर पुढच्या पायरीवर या.

पायरी ३ : नोंदी नीट आहेत का?

एआय तुमच्या नोंदींवर चालणार. नोंदी कशा आहेत ते पाहा. आपल्या उधारीच्या वहीत नावे कशी असतात, हे सगळ्यांना माहीत आहे : ‘मास्तर’, ‘पाटलाचा लहाना’, ‘कुऱ्हाडीवाला’. मालकाला सगळे कळते, मशीनला काही कळत नाही. ‘कुऱ्हाडीवाला’ तीन असतील तर मशीन तिघांची उधारी एकाच्या नावावर टाकेल आणि भांडण तुमच्या दारात येईल.

म्हणून आधी हे करा : प्रत्येक ग्राहकाला एक नाव, एक गाव, एक क्रमांक. प्रत्येक मालाचे एकच नाव. तारीख, वजन आणि रक्कम प्रत्येक नोंदीत. कट्ट्यात मोजायचे की क्विंटलमध्ये, ते एकदा ठरवा. हे काम कंटाळवाणे आहे, महिनाही लागतो. पण एवढे झाले की पुष्कळदा एआयशिवायच अर्धा प्रश्न सुटलेला असतो.

पायरी ४ : खरा खर्च मांडा

विकणारा महिन्याची फी सांगतो. खर्च तेवढाच नसतो. इंटरनेट, इन्व्हर्टर, नवीन मोबाईल किंवा संगणक, नोकराला शिकवायचा वेळ, दुरुस्तीला गोंदिया किंवा नागपूरहून माणूस यायचा खर्च, आणि फुकटची मुदत संपल्यावरचे बिल, हे सगळे धरा.

एक उदाहरण. समजा कृषी केंद्रात रोज दीड तास नोंदीत जातो. २६ दिवसांचे ३९ तास झाले. नोकराला महिन्याला ₹९,००० देता आणि तो २०८ तास काम करतो, म्हणजे तासाला सुमारे ₹४३. नवीन ॲपने वेळ निम्मा झाला तर साडेएकोणीस तास वाचले, त्याची किंमत सुमारे ₹८४०. ॲपची फी ₹१,००० आणि नेट ₹३०० असेल तर महिन्याला ₹४६० चा तोटा. वेळ वाचला, पैसा वाचला नाही.

पण तोच वाचलेला वेळ उधारी वसुलीला लावला आणि महिन्याला पाच-दहा हजार लवकर हाती आले, तर गणित बदलते. म्हणून वाचलेल्या वेळेत काय करणार, हेही आधीच लिहा. ते लिहिता येत नसेल तर घेऊ नका.

पायरी ५ : ३० दिवसांचा लहान प्रयोग

लहान प्रयोग म्हणजे काय, हे आपल्या धान पट्ट्याला शिकवायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी सगळ्या वावरात ते बी फेकले नाही. वेगळे ठेवले, थोडे पेरले, पाहिले, पुन्हा पेरले. काही वर्षांनी त्यातून एचएमटी धान उभे राहिले, त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाचे नाव त्याला पडले. दीड-दोन एकरांचा शेतकरी जे बियाण्यासाठी करतो, ते लाखांची वस्तू घेताना दुकानदाराने का करू नये?

प्रयोगाचे नियम साधे ठेवा :

- ३० दिवस, एकच काम, एकच माणूस जबाबदार.
- जुनी वही बंद करायची नाही. दोन्ही सोबत चालवायचे.
- आठवड्यातून एकदा दोन्ही जुळवून पाहायचे. किती चुका, कोणत्या चुका, ते लिहायचे.
- सुरू करण्याआधीच आकडा ठरवा : ‘वेळ निम्म्यावर आला आणि चुका १०० नोंदींत दोनपेक्षा कमी असल्या तरच पुढे.’ नंतर आकडा हलवायचा नाही.

ज्याचे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे, ते विचारून पाहायला विसरू नका. साधारण धानाचा हमीभाव विचारा. २०२४-२५ ला तो ₹२,३०० होता, २०२५-२६ ला ₹२,३६९ झाला. एआयने जुना भाव नवा म्हणून सांगितला, तर तुम्हाला त्याची मर्यादा पहिल्याच दिवशी कळेल.

पायरी ६ : शेवटचे बटण कोणाचे?

काही कामांत एआयने मसुदा दिला आणि माणसाने पाहिले, एवढे पुरते. काही कामांत मात्र त्याच्या शब्दावर चालूच नये. कीटकनाशकाची मात्रा हे त्यातले पहिले. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून झालेली विषबाधा आणि त्यात गेलेले शेतकरी, शेतमजूर आपण विसरलेलो नाही. तुडतुडा असो की खोडकिडा, औषध आणि मात्रा ही डब्यावरच्या लेबलवरून, कृषी अधिकाऱ्याकडून किंवा हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्राकडून घ्या. कृषी केंद्र चालवणाऱ्यांनी ग्राहकाला ‘एआयने सांगितले’ म्हणून औषध देऊ नये.

तसेच माणसाचे आणि जनावराचे औषध, कर्जाची नोटीस, कोर्टाचे कागद, जीएसटीचा भरणा, कोणाला उधार द्यायचे आणि कोणाला नाही, ही कामे. शेवटचे विशेष सांगतो. मशीन म्हणेल, या ग्राहकाने दोन वर्षे उशिरा पैसे दिले, याला देऊ नका. त्या दोन वर्षी धान तुडतुड्याने गेले होते, हे मशीनला माहीत नसते. तुम्हाला माहीत असते.

पायरी ७ : ग्राहकाची माहिती ही ठेव आहे

दुकानात, सेवा केंद्रात, गटात लोकांचे आधार, पासबुक, सातबारा, फार्मर आयडी, फोटो जमा असतात. ते लोकांनी एका कामासाठी दिलेले असतात. ते एआय ॲपमध्ये टाकले की कुठे गेले, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतो हे सांगणे, संमती घेणे, ती सांभाळणे, ही जबाबदारी माहिती घेणाऱ्याची आहे. मोठ्या चुकीला दंड ₹२५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. लहान दुकानावर लगेच एवढे येणार नाही, पण सवय आत्तापासूनच लावा. नाव आणि नंबर खोडून प्रश्न विचारता येतो, तर तसाच विचारा.

इथेही खोब्रागडे यांची गोष्ट आठवते. एचएमटीचे बी पुढे कृषी विद्यापीठाने नेले, त्यातून पीकेव्ही-एचएमटी वाण आले, पण श्रेय आणि मोबदल्याचा वाद २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत मिटला नाही. बी कोणाचे, हे आधी कागदावर नसले की असे होते. तुमच्या मिलचा आणि दुकानाचा डेटा हेही बीच आहे. तो कोणाचा, हे करारात लिहून घ्या.

पायरी ८ : घरच्या माणसांना आधी सांगा

नोकराला, मुनीमाला, तांदूळ निवडणाऱ्या बायांना मशीन आल्यावर कळू नये. आधी बसवून सांगा. धानाच्या कामात सर्वात जास्त चुका ओळखणारे डोळे याच माणसांचे आहेत. फेकलेल्या मालातला चांगला दाणा त्यांना पहिल्यांदा दिसतो. त्यांना मालाच्या तपासणीचे काम द्या, मशीन शिकवा. काम कमी होणारच असेल तर किती, कधीपासून, दुसरे काय देणार, हे सरळ सांगा. ज्याला आपली रोजी जाणार अशी भीती आहे तो मशीनची चूक तुम्हाला दाखवणार नाही.

विकणाऱ्याला विचारायचे आठ प्रश्न

1. यातले एआय कोणते काम करते? ते काढले तर काय उरते?
2. आपल्या जिल्ह्यात कोणाकडे चालू आहे? त्यांच्याकडे मला नेता का?
3. माझ्याच मालावर, माझ्याच नोंदींवर चालवून दाखवता का?
4. वीज किंवा नेट गेले तर काय होते?
5. बिघडले तर किती तासांत माणूस येईल? लेखी देता का?
6. दुसऱ्या वर्षी फी किती?
7. सोडायचे झाले तर माझ्या सगळ्या नोंदी मला परत मिळतील का, कोणत्या स्वरूपात?
8. माझी माहिती तुम्ही आणखी कोणाला देता?

तिसऱ्या आणि सातव्या प्रश्नावर जो टाळाटाळ करेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

फसवणुकीपासून सावध

एआयमुळे फसवणाऱ्यांचेही काम सोपे झाले आहे. नातेवाइकाच्या किंवा बेपाऱ्याच्या आवाजाची नक्कल करून पैसे मागता येतात. व्हॉट्सॲपवर ‘योजना’, ‘आरटीओ चालान’, ‘लग्नपत्रिका’ म्हणून एपीके फाईल येते, ती उघडू नका. पैशाची मागणी आली तर फोन ठेवून आपल्याजवळच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता कमी.

मदत कुठे मिळेल

- धंद्याची उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि फुकट आहे. कोणाला हजार-पाचशे देऊ नका.
- अन्नप्रक्रिया करणाऱ्या लहान उद्योगांसाठी केंद्राने पीएमएफएमई योजना आणली. कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, जास्तीत जास्त ₹१० लाख अनुदान, अशी तिची तरतूद. योजना अजून सुरू आहे का आणि तुमचे यंत्र त्यात बसते का, हे कर्ज घेण्याआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा.
- इतर योजनांसाठी गोंदियाचे जिल्हा उद्योग केंद्र, गटांसाठी पंचायत समितीतला उमेदचा कक्ष.

अनुदान मिळते म्हणून मशीन घेऊ नका. उरलेले ६५ टक्के आपलेच असतात.

नेहमीचे प्रश्न

*माझे दुकान लहान आहे. मला एआय लागतोच का?*
नाही. पण फुकटचा वापरून शिकून घ्या. लेबल, जाहिरात, अर्ज, पत्र यांचे मसुदे करून पाहा. खर्च शून्य आणि सवय होते.

*इंग्रजी येत नाही, चालेल का?*
चालेल. मराठीत बोलून किंवा लिहून विचारता येते. प्रश्न सविस्तर विचारा : गाव, माल, किती, कशासाठी. ‘जाहिरात दे’ म्हटले तर कशीही देईल.

*फुकटची मुदत संपल्यावर?*
पैसे आपोआप कापले जाण्यासाठी यूपीआय किंवा कार्ड जोडले आहे का, ते आजच पाहा. शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

*पोराला येते, तोच करेल. मला शिकायची काय गरज?*
पोरगा पुण्याला कामाला गेला तर? पासवर्ड, नोंदी आणि पद्धत घरातल्या किमान दोघांना माहीत पाहिजे.

एका पानाचा आराखडा

हे वहीच्या शेवटच्या पानावर उतरवा आणि भरा :

- आमचे एकच काम : ……
- आज त्यात जाणारा वेळ / होणारे नुकसान : ……
- साधा उपाय करून पाहिला का? काय झाले : ……
- वर्षाचा एकूण खर्च (फी, नेट, वीज, शिकवणी, दुरुस्ती) : ……
- वाचलेल्या वेळेत काय करणार : ……
- प्रयोगाची सुरुवात आणि शेवट : ……
- जबाबदार माणूस : ……
- पुढे जायचा आकडा / थांबायचा आकडा : ……
- कोणती माहिती कधीच टाकणार नाही : ……
- बंद पडले तर जुनी पद्धत कोण चालवेल : ……

दहाही ओळी भरता आल्या तर विकणाऱ्याला बोलवा. दोन-चार कोऱ्या राहिल्या तर अजून वेळ आहे असे समजा. एआय कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी आणखी स्वस्तच मिळेल. तोवर नोंदी नीट करा, त्या कधीच वाया जात नाहीत.